प्रतिकारशक्तीच उरली नाही, मग नसांवर हल्ला करतंय कोण?

पत्र

डॉक्टर, माझा धाकटा भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. वय ३६. दिवाळीपासून सारखा ताप, जुलाब, अकरा किलो वजन उतरलं. तपासणीत एचआयव्ही निघाला, सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) फक्त ५८. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. महिन्याभरात भूक लागायला लागली, चेहऱ्यावर तेज आलं, आम्ही देवापुढे साखर ठेवली. पाचव्या आठवड्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. तीन दिवसांनी कारखान्यातून येताना एक चप्पल पायातून निसटून रस्त्यातच राहिली, ते त्याला उंबऱ्यात आल्यावर कळलं. मग जिना चढताना गुडघे दुमडायला लागले आणि सहाव्या दिवशी संडासात बसलेला उठेचना. दार उचकटून काढावं लागलं.

आता मोठ्या सरकारी दवाखान्यात आहे. तिथले डॉक्टर म्हणतात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) आहे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटली आहे. जी प्रतिकारशक्ती संपली म्हणून आम्ही रडत होतो, तीच हल्ला करते हे कसं? गोळ्या सुरू केल्या आणि हे झालं, म्हणजे गोळ्यांनीच झालं का? बंद करू का? पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात. मामा म्हणतात, त्याने माणूस कायमचा अधू होतो. पाच दिवस महागडी इंजेक्शनं द्यायची आहेत. त्यावर मामाच म्हणाले, "एड्सच्या माणसावर एवढा पैसा कशाला घालता?" गावाकडून निरोप आलाय की वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळा. २०२५ मध्ये पुण्यात पाण्यातून हाच आजार पसरला होता ना? मग तो आम्हालाही होईल का?

आणि एक. भावजयीला त्याने एचआयव्हीचं अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं टायफॉइड बिघडला. रात्रंदिवस तीच त्याच्या उशाशी आहे. मला तिच्याकडे बघवत नाही. मी काय करू?

— एक बहीण, हातकणंगले तालुका

उत्तर

ताई, पत्र आलं त्याच रात्री मी तुम्हाला फोन केला, कारण हे छापून येईपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती. तेव्हा घाईत बोललो ते इथे सावकाश लिहितो. तुमच्या भावाने पत्र छापायला होकार दिला आहे आणि ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत.

फोनवर मी तुम्हाला तीन गोष्टी विचारल्या होत्या. त्या का विचारल्या, तिथूनच सुरू करतो.

पहिलं, त्याला एक खोल श्वास घेऊन त्याच श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला सांगितलं. तुम्ही फोन त्याच्या तोंडाशी धरलात. एक, दोन, तीन करत तो सव्वीसपर्यंत गेला आणि थांबला. या आजारात पायांकडून वर चढणारी कमजोरी छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचली की श्वास अपुरा पडतो. बोटाला लावायची ऑक्सिजनची चिमटी तेव्हाही ९७-९८ दाखवत राहते. ती पडते अगदी शेवटी. आकडे आधी बोलतात. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ त्याला मोजायला लावा आणि कागदावर लिहून ठेवा. विसाच्या खाली आला, किंवा काल सव्वीस होता आणि आज एकोणीस झाला, तर नर्सबाईंना लगेच बोलवा, राउंडची वाट पाहू नका. गिळताना ठसका लागायला लागला किंवा आवाज नाकातून यायला लागला तरी तसंच.

दुसरं विचारलं, लघवी होते का. तुम्ही जरा चपापलात. हा प्रश्न तुमच्या भावाच्या बाबतीत फार मोलाचा आहे, त्याकडे पुढे येतो. लघवी नीट होत होती.

तिसरं, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं का. तुम्ही म्हणालात, "दोन दिवसांपासून सदरा भिजतो, आम्हाला वाटलं हातात जोर नाही म्हणून." ताई, तो हाताचा दोष नव्हता. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या नसा ढिल्या पडल्या होत्या. एका बाजूचा चेहरा गेला की वाकडा दिसतो, कुणालाही कळतो. दोन्ही बाजूंचा गेला की चेहरा सरळच दिसतो, फक्त हसत नाही. तो उदास आहे असं घरच्यांना वाटतं. जीबीएसमध्ये हे पुष्कळदा सापडतं. झोपेत डोळा पूर्ण मिटत नसेल तर डोळ्यात मलम घालायला सांगा, नाहीतर बुब्बुळ कोरडं पडून जखम होते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो इतका रास्त आहे की डॉक्टरकी शिकणारी मुलंसुद्धा तिथे अडखळतात.

तुमचा भाऊ मागावर काम करतो, म्हणून त्याच्याच कारखान्यातलं सांगतो. शेडमध्ये चोवीस माग असतात आणि एक जॉबर. जॉबर स्वतः कापड विणत नाही. कुठला माग थांबवायचा, कुठला चालवायचा, धोटा कुठे अडकतोय, ताण कुठे जास्त झालाय, हे तो बघतो. हा जॉबर महिनाभर आला नाही तर शेड गप्प बसत नाही. माग चालूच राहतात, खडखडाट तोच असतो, पण तार तुटली तरी कुणी थांबवत नाही आणि वारच्या वार कापड खराब निघतं. सीडी-फोर पेशी म्हणजे हा जॉबर. एचआयव्ही मारतो तो त्याला. अँटिबॉडी, म्हणजे जंतूंवर मारा करणारी प्रथिनं, तयार करणाऱ्या पेशी मात्र जिवंत असतात. उलट वाढलेल्या एचआयव्हीत त्या नको इतक्या चेकाळलेल्या असतात, रक्तातलं ग्लोब्युलिन, म्हणजे हीच प्रथिनं, बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्तच भरतं. नेम धरून शत्रूवर मारा करायला सांगणारं कोणी उरत नाही आणि चुकीचा मारा थांबवायलाही उरत नाही, कारण आवर घालणाऱ्या पेशीही त्याच कुळातल्या. त्यामुळे "प्रतिकारशक्ती संपली" हे आपलं नेहमीचं बोलणं अर्धंच खरं आहे. तिचं काम संपत आलेलं असतं, तिचा गोंधळ संपलेला नसतो.

या गोंधळात मार बसतो तो नसांवर. (इथे नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे, मज्जातंतू.) बीम भरण्याआधी सुताला सायझिंगमध्ये खळ चढवतात, तसं प्रत्येक मज्जातंतूवर मायलिनचं आवरण असतं. जीबीएसच्या आपल्याकडे पुष्कळ दिसणाऱ्या प्रकारात अँटिबॉडी आणि पांढऱ्या पेशी ही खळ खरवडून काढतात. आतलं सूत शाबूत असतं, पण मेंदूचा निरोप पायापर्यंत धडपणे पोहोचत नाही. दुसऱ्या प्रकारात सूतच तुटतं. दोन्हींत माणूस पहिल्या आठवड्यात सारखाच दिसतो. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उडत नाही. फरक पुढे बरं होताना कळतो, आणि नसांतून निरोप किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या एनसीव्ही नावाच्या तपासणीत. ती तपासणी पहिल्या काही दिवसांत अगदी साधारणही येऊ शकते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कुणी "काही नाही, भीती आहे" म्हणालं, तर दहा दिवसांनी पुन्हा करायला सांगा.

पुण्याची गोष्ट याच धाग्यातली. २०२५ च्या जानेवारीपासून पुणे परिसरात, विशेषतः सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात, जीबीएसचे दोनशेहून जास्त संशयित रुग्ण आढळले. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. या जंतूच्या अंगावरची साखरेची नक्षी आपल्या मज्जातंतूवरच्या नक्षीशी मिळतीजुळती असते. जंतूविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी मग घरच्याच माणसाला चोर समजते. म्हणजे पाण्यातून पसरला तो जंतू. जीबीएस हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. भावाजवळ बसा, त्याला भरवा, अंग पुसा, त्याचं ताट तुमच्या ताटांबरोबर घासा. एचआयव्हीही यातल्या कशाने लागत नाही. दिवाळीपासूनच्या त्याच्या जुलाबांतही असलाच एखादा जंतू असू शकतो. तेव्हा पाणी उकळून प्यायचं ते त्याने आणि तुम्हीही.

गोळ्यांचं. इथे मी तुम्हाला गुळमुळीत उत्तर देणार नाही.

पूर्वीच्या गोळ्यांमुळे नसा खराब व्हायच्या, हे खरं आहे. १ एप्रिल २००४ पासून देशात सरकारी एआरटी मोफत मिळायला लागली तेव्हा त्यात स्टॅव्हुडिन नावाचं औषध असायचं. पायाखाली निखारे ठेवल्यासारखं होतं म्हणून रात्रभर गार फरशीवर पाय ठेवून बसणारी माणसं मी पाहिली आहेत. ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करा असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं आणि आपल्याकडूनही ते गेलं. तुमच्या भावाला मिळणाऱ्या टीएलडीच्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर आहे. या तिन्हींना तो दोष सहसा जात नाही. क्षयरोग होऊ नये म्हणून त्याला आयसोनियाझिड दिलं असेल तर मात्र सोबत बी-सिक्सची गोळी आहे ना, ते बघा. ती नसेल तर तळपाय जळजळतात. पण तेही महिनोन् महिने हळूहळू होतं. सहा दिवसांत माणूस आडवा पडत नाही.

मग पाचव्या आठवड्यातच कसं झालं? योगायोग असेल. पण आणखी एक शक्यता आहे आणि ती तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. गोळ्या लागू पडल्या की विषाणू झपाट्याने घटतो आणि झोपलेली प्रतिकारशक्ती जागी व्हायला लागते. जॉबर कामावर परत येतो, पण पहिल्याच दिवशी सगळं सुरळीत होत नाही. या जागं होण्याच्या धांदलीत काहींना आत दडलेला क्षय उफाळतो, काहींच्या गाठी सुजतात, आणि क्वचित कुणाच्या नसांवर हल्ला होतो. त्याला आम्ही आयरिस म्हणतो. सुरुवातीला सीडी-फोर जितका कमी, तितका हा धोका जास्त. म्हणजे कदाचित गोळ्या काम करताहेत याचंच हे एक वेडंवाकडं लक्षण आहे. त्यासाठी गोळ्या बंद करणं म्हणजे आलेल्या जॉबरला पुन्हा हाकलणं. जिवावर बेतलेल्या एखाद्या प्रसंगी डॉक्टर तसा निर्णय घेतात, पण तो त्यांचा, विचार करून घेतलेला. तुम्ही, मामांनी किंवा शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने सांगितलं म्हणून एकही गोळी चुकता कामा नये. छातीच्या जंतुसंसर्गापासून वाचवणारी कोट्रायमोक्साझोलची गोळीसुद्धा नाही.

हे इतक्या आग्रहाने सांगतो कारण मी एकदा हे होऊ दिलं आहे. पूर्वी मी काम करत होतो त्या रुग्णालयात असाच एक तरुण आयसीयूत गेला. वॉर्ड बदलताना केसपेपर नव्याने लिहिला गेला, त्यात नसांची सगळी औषधं आली आणि एआरटी राहिली. पुस्तिका त्याच्या आईच्या पिशवीत होती, तिला वाटलं डॉक्टर देतच असतील. नऊ दिवस. मी रोज राउंडला त्याचे गुडघे ठोकून बघत होतो आणि तो कागद उलटून बघितला नाही. तेव्हापासून मी नातेवाइकांनाच सांगतो: एआरटीची पुस्तिका उशीखाली ठेवा आणि वॉर्ड बदलला की पहिल्यांदा विचारा, "ही गोळी लिहिली का?"

आणखी दोन बारकावे, कारण दवाखान्यात ते हमखास निसटतात. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या किंवा आम्लपित्ताचं पांढरं औषध सुरू केलं तर डोल्युटेग्राव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्यायचं. एकत्र पोटात गेली तर गोळी नीट शोषली जात नाही. आणि नसांच्या दुखण्यावर कुणी कार्बामाझेपिन लिहिलं तर विनयाने आठवण करा की पेशंट टीएलडीवर आहे. कार्बामाझेपिन त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं. नसांच्या दुखण्यावर दुसरी औषधं आहेत.

पाठीतल्या पाण्याबद्दल मामांची भीती मी रोज ऐकतो. मणक्याच्या आत मुख्य मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या दोन-तीन बोटं खाली जाते, जिथे पाण्यात फक्त सुट्या नसा तरंगत असतात. दोन दिवस डोकं दुखू शकतं. अधू होतो तो मूळ आजाराने, आणि पाणी नेमकं त्याच दिवसांत काढतात म्हणून खापर सुईवर फुटतं.

त्याच्या बाबतीत ही तपासणी टाळू नका असं मी का म्हणालो? १९१६ मध्ये पहिलं महायुद्ध चालू असताना गियाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी पाय गळालेल्या दोन सैनिकांच्या पाठीतलं पाणी तपासलं. प्रथिन वाढलेलं, पेशी मात्र नाहीत. त्या विचित्र जोडीवरूनच हा आजार वेगळा ओळखला गेला. (तिसऱ्या डॉक्टरचं नाव पुढे आजाराच्या नावातून गळालं.) १९८७ मध्ये बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी एचआयव्हीच्या रुग्णांत हाच आजार पाहिला, तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या पाण्यात थोड्या पेशीही असतात. रिपोर्टमध्ये पेशी २० किंवा ३० आल्या तर घाबरू नका, एचआयव्हीत हे चालतं. पन्नासच्या वर गेल्या तर डॉक्टर दुसरं काही शोधतील, आणि शोधायलाच हवं.

ते दुसरं काय, यासाठी मी लघवीचं विचारलं होतं. एचआयव्हीत जीबीएस बहुतेक वेळा सुरुवातीला होतो, लागण नवी आणि सीडी-फोर बरा असताना. सीडी-फोर ५० च्या आसपास असताना पाय लुळे पडले तर सायटोमेगॅलो नावाचा विषाणू कमरेच्या नसांच्या मुळाशी बसलाय का, हे आधी बघावं लागतं. बाहेरून दोन्ही आजार सारखे दिसतात. पण त्यात कंबर दुखते, बसायची जागा बधिर होते, लघवी अडते आणि पाठीतल्या पाण्यात पेशींचा खच पडलेला असतो, साखर कमी असते. त्याचं औषध गॅनसायक्लोव्हिर. तिथे जीबीएसचं इंजेक्शन देऊन वाट बघत बसलं तर हातातले दिवस जातात. तुमच्या भावाची लघवी मोकळी आहे आणि चेहरा गेलाय, म्हणजे पारडं जीबीएसकडे झुकतं. तरी पाणी तपासल्याशिवाय मी समाधानी होणार नाही. डोळ्यांचा पडदाही एकदा दाखवून घ्या, हा विषाणू तिथेही गुपचूप बसतो. क्षय, क्रिप्टोकॉकस आणि सिफिलिसच्या तपासण्याही त्याच पाण्यातून आणि रक्तातून होतील.

क्रिप्टोकॉकसवरून कबुतर आठवलं. ताई, ते रक्त, ते पिंजरे, काहीही त्याच्या जवळ येऊ देऊ नका. कबुतराच्या विष्ठेत ही बुरशी वाढते. धडधाकट माणसाला तिचं सहसा काही होत नाही. सीडी-फोर शंभराच्या खाली असलेल्याच्या मेंदूच्या आवरणाला ती सूज आणू शकते. गावाकडच्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका. "डॉक्टरांनी अंगाला काहीही लावायला मना केलंय" म्हणा, माझं नाव सांगा. गरम वीट, रबरी पिशवी यांचा शेकही नको. त्याला चप्पल निसटलेली कळली नाही, तिथे भाजलेलं काय कळणार?

आता ती महागडी इंजेक्शनं. आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडी. वजनाच्या दर किलोला रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. तुमचा भाऊ ५० किलोचा आहे, म्हणजे रोज २० ग्रॅम, एकूण १०० ग्रॅम. पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. बाहेरून विकत आणायची वेळ आली तर हा आकडा डोक्यात असू द्या, म्हणजे चिठ्ठीवर काय लिहिलंय ते समजेल. कमजोरी सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मिळालं तर चांगलं. दुसरा मार्ग प्लाझ्मा बदलण्याचा, दोन आठवड्यांत चार-पाच वेळा. गुण दोन्हींचा सारखाच. जे तुमच्या दवाखान्यात लवकर होईल ते करा, दोन्ही एकापाठोपाठ करण्याचा फायदा नाही. स्टिरॉइडने जीबीएस सुधारत नाही आणि त्याच्या सीडी-फोरला ते धोक्याचंही आहे. स्वस्त पर्याय म्हणून कुणी सुचवलं तर कारण विचारा. एक गोष्ट मात्र पहिली बाटली लागण्याआधी व्हायला हवी: कावीळ बी, सी वगैरेंच्या तपासण्यांचं रक्त आधी काढून ठेवा. बाटलीतल्या परक्या अँटिबॉडी नंतर काही आठवडे रिपोर्टमध्ये दिसत राहतात आणि नसलेला आजार असल्यासारखा दिसतो. पैशांसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आजच भेटा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद तो करून देईल. रेशनकार्ड सोबत न्या.

मामांना माझा निरोप द्या. एचआयव्ही आहे म्हणून जीबीएसचा उपचार वेगळा नसतो आणि कमीही करायचा नसतो. जीबीएसच्या एकंदर रुग्णांत दहापैकी सुमारे आठ जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात. दोन-तीन जणांना काही काळ व्हेंटिलेटर लागतो. काही जण दगावतात, हेही खरं, आणि तुमच्या भावाला न्यूमोनियाचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. पण एचआयव्हीने तो लवकरच जाणार आहे, असं जे मामांनी मनाशी धरलंय, ते वीस वर्षांपूर्वीचं आहे. २००७ मध्ये सीडी-फोर ३१ घेऊन खांद्यावरून उचलून आणलेला एक रिक्षावाला परवा मला मुलीच्या लग्नाची पत्रिका देऊन गेला. रोज एक गोळी घेतो, रिक्षा अजून चालवतो. पैसा घालायचा तो अशाच माणसावर घालायचा असतो, मामा. मला तुमच्या वाक्याचा राग आला होता. नंतर वाटलं, तुम्हीच त्याला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलंत. तो राग मी सोडला, तुम्ही ते वाक्य सोडा. निदान त्याच्या खाटेजवळ पुन्हा काढू नका. त्याचे कान शाबूत आहेत.

भावजयीचं सगळ्यात अवघड, आणि तुमच्या पत्रातली हीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मामांना माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि त्याचं अंग पुसणारीला माहीत नाही.

तुम्ही परस्पर सांगू नका. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आपला आजार कुणाला सांगायचा हा हक्क त्यात रुग्णाला दिला आहे. पण त्याच कायद्यात जोडीदाराच्या जिवाचाही विचार आहे. समुपदेशक आधी रुग्णाला समजावतो, वेळ देतो. तरीही तो बोलला नाही आणि जोडीदाराला खरा धोका दिसला, तर त्याला पूर्वकल्पना देऊन जोडीदाराला सांगण्याची वाट डॉक्टर आणि समुपदेशकाला मोकळी आहे. ती वेळ येऊ नये. एआरटी केंद्राच्या समुपदेशकाला वॉर्डात बोलवा. भावाला एकटं गाठा आणि एवढंच म्हणा: "तिची तपासणी राहिलीये. तिला असलं तर तिचा सीडी-फोर अठ्ठावन्नवर येण्याआधी गोळी सुरू होईल. नसलं तर जपता येईल." बोलायचं त्याने, शेजारी समुपदेशक बसेल. तुम्ही तेव्हा त्यांच्या लेकीला घेऊन खाली चहाला जा. लेकीची तपासणी लागेल की नाही ते आईच्या रिपोर्टवरून ठरेल, आधीपासून तिचा घोर नको. आणि तो बोलल्यावर भावजय रडेल, चिडेल, कदाचित दोन दिवस वॉर्डात येणार नाही. त्या दोन दिवसांत खाटेशी कोण बसणार हे तुम्ही आधीच ठरवून ठेवा. तिला "तरी बरं, तुझ्यापासून लपवलं ते तुझ्याच भल्यासाठी" असलं काही म्हणू नका. १०९७ या मोफत क्रमांकावर तिला स्वतःलाही बोलता येईल.

शेवटचं, जे तुम्ही पत्रात विचारलं नव्हतं. फोन ठेवता ठेवता तो पलीकडून म्हणाला, "मागावर उभा राहीन का?"

खळच गेली असेल तर ती पुन्हा चढते, आठवड्यांत-महिन्यांत. सूत तुटलं असेल तर नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. गुडघ्यापासून पावलापर्यंत चाळीस सेंटिमीटर धरले तर साधारण चारशे दिवस. तोवर पाऊल लोंबू नये म्हणून घोट्याला आधाराची पट्टी, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि फिजिओथेरपिस्ट येईल तेव्हा "आज दमलोय" न म्हणणं. आधी बोटं हलतील, मग सदऱ्याची बटणं लागतील. आठ-बारा तास उभं राहण्याचं काम सर्वांत शेवटी येईल. पहिल्या वर्षी कांड्या भरायचं किंवा घडीचं बसून करायचं काम मिळतंय का, ते मालकाशी आत्ताच बोलून ठेवा. नसांचा आजार झालाय एवढंच सांगितलं तरी पुरे.

मुंग्या सुरू झाल्या तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि तिथून आठ आठवडे मोजा. जीबीएसची उतरण चार आठवड्यांच्या आत थांबते. आठ आठवड्यांनंतरही तो खाली जात असेल, किंवा सुधारून पुन्हा पुन्हा घसरत असेल, तर त्याला सीआयडीपी (नसांवरचा असाच, पण लांबत जाणारा आजार) म्हणायचं का हे ठरवावं लागेल. त्याचे उपचार निराळे आणि लांबचे असतात. एचआयव्हीत हे वळण लागलेलं पाहण्यात आहे. आकड्यांचा तो कागद तोवर फेकू नका. आठव्या आठवड्यात त्याचा फोटो काढून मला पाठवा.